कट्ट्यावरचा कान

‘गाडयेत कोण बसता?’

टायर मागायला आलेल्या प्रत्येकाला मेस्त्रींचा पहिला प्रश्न हा. गाडी कुठली, टायरचं माप काय, किती चालली, हे सगळं मागाहून. मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या बाजारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला त्यांचं दुकान. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची पडवी, आत हवा भरायचा कंप्रेसर, चाकांचा तोल बघायचं एक यंत्र आणि छपरापर्यंत रचलेले टायर. नवखा माणूस त्या प्रश्नाला ‘मी’ असं उत्तर द्यायचा. मग मेस्त्री त्याच्याकडे असे बघायचे, जसा मी वर्गात पाढा चुकलेल्या पोराकडे बघतो.

‘तुमी बसणास नाय. तुमी चलवतास. बसता कोण ता सांगा.’

एकदा माझ्यासमोर एक तरुण रुंद, बुटके, चकचकीत टायर मागायला आला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. खोदून विचारल्यावर कळलं, दर सोमवारी तो आजीला दवाखान्यात नेतो. ‘मगे आजयेक घेवन ये,’ असं सांगून मेस्त्रींनी त्याला परत पाठवलं. तो आणेल असं मला वाटलं नव्हतं, पण त्याने आणलं. मेस्त्री त्या म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी मागच्या सीटवर बसले, बाजारातून एक चक्कर झाली, आणि त्या तरुणाला उंच कडेचे, मऊ टायर मिळाले.

‘बुटक्या टायरात हवा कमी,’ मेस्त्री म्हणाले. ‘खड्ड्यातलो दणको सरळ आजयेच्या माकडहाडाक. लग्नात आजी उभी रवाक व्हयी मा?’

मेस्त्रींचं नाव मी सांगणार नाही. त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मेस्त्री जाऊन आता दोन पावसाळे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की सगळ्यात आधी माझा मूर्खपणा आठवतो. तो वगळून त्यांच्याबद्दल लिहिता येईल का, हेही मी करून पाहिलं. नाही येत. तेव्हा मूर्खपणासकटच सांगतो.

त्यांची मतं पक्की आणि भलत्याच विषयांवर. जुने टायर रंगवून त्यांत मोगरा-शेवंती लावणाऱ्या लोकांवर त्यांचा राग होता. समुद्राकडल्या एका हॉटेलवाल्याने झोपाळे करायला वीस जुने टायर मागितले, तर ह्यांनी विचारलं, ‘मेलेल्या बैलाच्या पोटात तुमी अबोली लावतास काय?’ टायरला हात लावताना ते आधी हात पुसायचे, नंतर नाही. रबर मऊ की कडक ते अंगठ्याच्या नखाने बघायचे. आणि बोलताना समोरच्याच्या थेट तोंडाकडे बघायचे. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्या दातांत काही अडकलंय. त्यांच्याकडे जायचं असलं की मी घरून चूळ भरून निघायचो.

आता माझ्याविषयी. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. ‘घर्षण’ हा धडा मी इतकी वर्षं शिकवलाय की फळ्यावर हात आपोआप चालतो. चाक आणि रस्ता यांच्यातल्या नात्यावर मालवण तालुक्यात माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. तर अशा मी, निवृत्तीला आठ वर्षं उरलेली असताना, विजेवर चालणारी गाडी घेतली.

गाडी आवाजच करायची नाही. पहिल्या दिवशी बायकोने मसुऱ्यापर्यंतचा रस्ता डोळे मिटून अनुभवला आणि म्हणाली, ‘देवळात बसल्यासारख्या वाटता.’ तोटा एकच झाला. जुन्या गाडीत इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं तिला अर्धंमुर्धं ऐकू जायचं. आता पूर्ण ऐकू जाऊ लागलं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

ह्या सुखात मी स्वतःच्या हाताने माती कालवली. गाडीबरोबर आलेले टायर दोन वर्षांत गुळगुळीत झाले. तेव्हा मी मोबाइलवर चित्रं बघून नवे मागवले. त्यांवर वाघाच्या पंजासारखे मोठे मोठे ठोकळे होते. खाली लिहिलं होतं की हे टायर डोंगर, दगड आणि चिखल यांना भीत नाहीत. आमच्या घरापासून शाळेपर्यंत डोंगर नाही, दगड नाही, डांबरी रस्ता आहे. पण पुरुषमाणसाला पंजा आवडतो. ते मी मालवणात बसवून घेतले आणि बायकोला फिरायला घेऊन निघालो.

गाडी घुमू लागली. वेग वाढवला तसा तो आवाज दारांतून, पायांतून, दातांतून येऊ लागला.

‘ह्या काय?’ बायकोने विचारलं.

‘पकड,’ मी म्हणालो. ‘घर्षण.’

‘भाताची गिरण आसा ही,’ ती म्हणाली, आणि आठवडाभर त्या गाडीत बसली नाही. वर एकदा चार्ज केल्यावर पूर्वी जेवढी जायची, तेवढी गाडी आता जाईना. मसुऱ्याच्या जत्रेहून येताना तर शेवटचे तीन किलोमीटर मी पंखा, दिवे, रेडिओ सगळं बंद करून काढले.

मग कट्टा गाठला.

मी जाताना अभ्यास करून गेलो होतो. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं की विजेच्या गाडीला शांत, घट्ट पकडीचे ‘समर टायर’ घ्यावेत. मी पडवीत उभा राहून, शाळा तपासायला आलेल्या साहेबाशी बोलतो तशा शुद्ध मराठीत म्हणालो, ‘मला उन्हाळी टायर हवेत. आणि पावसाळ्यासाठी वेगळा संच घ्यावा लागेल का, तेही सांगा.’

मेस्त्री ते वाक्य माझ्या तोंडावरून पुरतं वाचून होईपर्यंत हात पुसत राहिले.

‘मास्तरानू,’ ते म्हणाले, ‘उन्हाळी म्हणजे जो बर्फाचो नाय तो. आपल्याकडे बर्फ खंय पडता? मासळेच्या पेटयेत. आपले सगळेच टायर उन्हाळी. आपल्याकडे बाराय म्हयने उन्हाळोच, मधी चार म्हयने पावस लागता इतक्याच.’

पडवीत बाकावर बसलेला एक टेम्पोवाला हसला. मीही हसलो.

‘गाडयेत कोण बसता?’ मेस्त्रींनी विचारलं.

‘बायको,’ मी म्हणालो. ‘म्हणजे बसायची.’

‘हां,’ ते म्हणाले, आणि गाडीभोवती एक फेरी मारून त्या वाघाच्या पंजांवर हात फिरवत राहिले. पोरक्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. ‘टायर वायट नाय हो. बिचारे वाट चुकले.’

त्या दिवशी त्यांनी मला जे शिकवलं ते माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत इंजिन टायरचं गाऱ्हाणं झाकतं. ह्या गाडीत झाकायला काहीच नाही, म्हणून टायर बोलला की सगळं ऐकू येतं. टायरवरचे ठोकळे सगळे एकाच मापाचे असले की ते एकाच सुरात रडतात. म्हणून शांत टायरात ते मुद्दाम लहानमोठे केलेले असतात, म्हणजे रडणं विस्कटून जातं. बॅटरीचं वजन मोठं. ‘तुमी एकले बसलास तरी ह्या गाडयेत सदाच चार माणसां बसलेली आसत,’ म्हणून टायरची कड जास्त वजन पेलणारी हवी. आतून स्पंज लावलेले, फारच शांत टायरही मिळतात, पण ते त्यांनी मला देऊ केले नाहीत. ‘मसुऱ्याच्या वाटेर खिळो घुसलो तर पयलो स्पंज खरवडूचो, मगे पंक्चर काढूचा. तुमी तोपर्यंत थयसर काय करतलास, घर्षण शिकवतलास?’

आणि शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य, जे ते प्रत्येकाला सांगायचे: ‘गप रवणारो, धरून ठेवणारो आणि चिवट. हे तिनय गुण एका टायरात गावणत नाय. दोन घेवा, एक सोडा.’ जरा थांबून, ‘माणसात तरी खंय गावतत?’

बायकोला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, ‘गप रवणारो आणि धरून ठेवणारो. चिवट घरात आसा.’

पण मेस्त्री असे लगेच टायर देत नसत. त्यांच्या दुकानात दोन फेऱ्यांचा रिवाज होता. एक फेरी जुन्या टायरांवर, दुखणं काय ते समजायला. दुसरी नव्या टायरांवर, दुखणं गेलं का ते बघायला. दोन्ही फेऱ्यांना मेस्त्री मागच्या सीटवर बसायचे. चपला दुकानात काढून, अनवाणी. डोळे मिटून. हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. वाटेत उतार आला की म्हणायचे, ‘बिरेक मारा.’ पाणी सांडलं की मान हलवायचे.

मी त्यांना समजावलं होतं की पाणी सांडणं हे जडत्वामुळे होतं, टायरमुळे नाही. ही चाचणी शास्त्रीय नव्हे.

‘पाणी टायराक बघणा नाय, मास्तरानू,’ ते म्हणाले होते. ‘डायवराक बघता. टायरान कितीय धरला आणि डायवर सुटलो, तर काय करतलास?’

फेरीहून परतलं की ते पडवीत उभे राहून निकाल द्यायचे. अमुक टायर घाला, तमुक बरा बसला. तो निकाल ऐकायला बाकावरची माणसं चहा खाली ठेवायची. त्यांचा कान हा कट्ट्यावर शेवटचा शब्द होता.

ह्या दोन्ही फेऱ्यांना त्यांच्यासोबत त्यांची सून असायची. माहेर आरोंद्याचं, नवरा बोटीवर. हवा भरणं, चाक चढवणं, यंत्रावर तोल बघणं ही सगळी कामं तीच करायची. फेरीला ती सासऱ्यांच्या शेजारी, मधे हातभर जागा सोडून बसायची. का, ते कुणी विचारत नसे. मीही विचारलं नसतं. पण मला मास्तरकीची एक खोड आहे. मागच्या बाकावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि म्हणून गाडीतला आरसाही मी जरा खाली वळवलेला असतो.

पहिल्या फेरीत त्या आरशात मला दिसलं. मेस्त्रींचा डावा पंजा सीटवर पालथा होता. त्याच्या बाजूला सुनेचं बोट सीटवर टकटक करत होतं. मधेच दोन बोटं. मधेच पूर्ण हात ठेवून ती घासल्यासारखं करायची. आणि प्रत्येक वेळी, क्षणभराने, मेस्त्री डोळे मिटूनच काहीतरी बोलायचे. ‘घुमता, चारय चाकातसून.’ ‘आता वायच कमी.’

मी तीस वर्षं परीक्षेला पहारा दिलेला माणूस. मला काय ते लगेच समजलं. म्हणजे समजलं असं वाटलं. हे दोघं मिळून गिऱ्हाइकाला जोखतायत. एक बोट म्हणजे साधा टायर खपव, दोन बोटं म्हणजे मास्तर भोळा आहे, भारीतला खपव. घरी जाऊन मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमच्याकडे बघून एका बोटात कळता तां. दुसऱ्या बोटाची गरज नाय.’ पण मी ठरवलं, दुसऱ्या फेरीला कॉपी पकडायची.

चार दिवसांनी नवे टायर आले. सुनेने ते चढवले, तोल बघितला. पडवीत तो टेम्पोवाला होता, त्याच्या टेम्पोला मागचे टायर हवे होते. आणखी एक रिक्षावाला होता. मेस्त्रींनी चपला काढल्या. सुनेने पेला भरला आणि हात पुसत गाडीकडे निघाली.

मी गाडीच्या दारात आडवा झालो. पुन्हा शुद्ध मराठी काढली. ‘ह्या वेळी तुम्ही नका येऊ. चाचणीत वजन जितकं कमी, तितका निष्कर्ष अचूक. हा विज्ञानाचा नियम आहे.’ असा कुठलाही नियम नाही.

ती थबकली. ‘माझा काय वजन तां, मास्तर. मी येतंय.’

‘नको.’

तिने सासऱ्यांकडे बघितलं. मेस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते, मग बाकावरच्या दोघांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘ऱ्हव तू,’ ते म्हणाले. ‘मास्तर सांगतत तर ऱ्हव.’ तिच्या हातातून पेला घेताना थोडं पाणी सांडलं. ते कुणाकडून सांडलं ते मला कळलं नाही.

आम्ही दोघंच निघालो. बाजार मागे पडला, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा सुरू झाल्या. गाडी खरोखरच गप झाली होती. गिरण बंद पडली होती. पण एक आवाज मात्र स्पष्ट येत होता. मागून, खालून. टक. टक. टक. वेग वाढवला की टकटकटक. अगदी माझ्यासारख्यालाही ऐकू येईल असा.

आरशात मेस्त्री डोळे मिटून बसले होते. पंजा सीटवर पालथा. त्याच्या बाजूला आज कुणी नव्हतं.

‘बघलास?’ ते म्हणाले. ‘कसो गप चलता.’

मला विजय झाल्यासारखं वाटलं. मी आरशात बघत, गोड आवाजात विचारलं, ‘मेस्त्रीनू, ही टकटक कसली?’

उत्तर नाही.

‘मेस्त्रीनू? टकटक आयकूक येता काय?’

त्यांचे डोळे मिटलेले. चेहरा शांत. मी तिसऱ्यांदा, जवळजवळ ओरडून विचारलं. त्यांनी नुसती मान डोलवली, पण माझ्या प्रश्नाला नाही. आपल्याच कुठल्या तरी विचाराला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका उशिरा पडला की आजही तो प्रसंग आठवला की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. ते डोळे उघडून म्हणाले, ‘काय झाला?’ मी मागे वळलो, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि हळू म्हणालो, ‘टकटक आयकूक येणा नाय ना? कधीपासून?’

त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि पेला मांडीवर ठेवला.

‘दोन वर्सा,’ ते म्हणाले. ‘एकदम नाय गेला. पयली पाखरां गेली. मगे फोनची घंटी. मगे माणसां. टायर सगळ्यात शेवटी गेलो.’ त्यांनी कानावर हात ठेवला. ‘चाळीस वर्सा कंप्रेसर ह्याच बाजूक. मशीन लावून बघितलंय कानाक. तेच्यात निसतो कंप्रेसरच आयकूक येता. परत कंप्रेसरच आयकाचो तर पैशे कित्याक घालू?’

‘आणि सून?’

‘तिचो कान माझ्यापेक्षा बरो.’ आता ते माझ्याकडे बघत नव्हते, काजूच्या झाडांकडे बघत होते. ‘आरोंद्याची ती. खाडयेकाठची. आवाजावरसून होडी कोणाची ती सांगायची, लहानपणापासून. माझ्यासोबत दोन फेऱ्यांक इली आणि तिसऱ्या फेरयेक मी बोलूच्या आधी तिना सांगितलान. पाठच्या उजव्या चाकाचो बेरिंग. बरोबर होता.’

‘मग तिला का नाही बोलू देत?’

‘मी मेल्यावर बोलतलीच,’ ते म्हणाले. ‘पण आज कट्ट्यार कोण आयकतलो? बायलमाणूस टायर सांगता म्हटल्यार सगळे पेट्रोल पंपाकडल्या दुकानात जातले. झील सा-सा म्हयने बोटीर. तिका दुकान चलवचा आसा. म्हणान कान तिचो, तोंड माझा.’ मग माझ्याकडे वळून, ‘तुमी आज तिका पाठी ठेवलास, मास्तरानू. ती नाय म्हटल्यार निकाल चुकतलो आणि बाकार बसलेल्या दोघांका कळतला.’

मी नियम शोधून काढला होता ना, वजनाचा. त्याच वजनाखाली बसलो होतो. मी त्यांना सांगितलं की मी कुणाला काही बोलणार नाही. त्यांनी हात हलवला, वारा घालावा तसा.

‘टकटक म्हणालास मघा,’ ते म्हणाले. ‘तुमच्या तोंडार दिसला माका, आता वळलास तेव्हा. कसली टकटक?’

ते पुढच्या सीटवर येऊन बसले, आडवे, माझ्या तोंडाकडे बघत. ‘चला. हळू चलवा. तुमी आयका आणि माका सांगा.’

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी परीक्षा घेत होतं आणि मला नापास व्हायचं नव्हतं. मी एक डोळा रस्त्यावर आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून सांगू लागलो. वेग वाढला की टकटक वाढते. कमी केला की कमी. वळणावर बदलत नाही. ब्रेक मारला तरी थांबत नाही, नुसती हळू होते.

‘पुढे की पाठी?’

‘पाठी.’

‘डावी की उजवी?’

मला सांगता येईना. मी काच खाली केली, वर केली, दुसऱ्या बाजूची खाली केली. ‘डावी,’ मी म्हणालो, पेपरात उत्तर ठोकून द्यावं तसं.

‘थांबवा. डावो पाठचो. खाचेत खडो आसा.’

उतरलो. डाव्या मागच्या टायरच्या खाचेत सुपारीएवढा जांभ्या दगडाचा तुकडा घट्ट बसला होता. किल्लीने तो काढायला मला पाच मिनिटं लागली. मेस्त्री बाजूला उकिडवे बसून माझ्या हाताकडे बघत होते, पण त्यांनी मदत केली नाही. त्यांना वाटलं असावं, हे काम माझं आहे.

पुन्हा निघालो. आता खरंच काही नव्हतं.

‘आता?’ त्यांनी विचारलं.

‘आता कायच नाय.’

‘कायच नाय म्हणजे काय? सांगा नीट.’

मला शिकवता येतं, पण हे सांगता येईना. मी सांगितलं की वाऱ्याचा थोडा आवाज आहे, काचेच्या कडेला. माझ्या सदऱ्याचा पट्ट्यावर घासल्याचा आहे. डांबर संपून जुना तुकडा लागला की टायर जरा कुजबुजतात, पण चौघं वेगवेगळं बोलतात, एका सुरात नाही. काजूत कुठेतरी भारद्वाज ओरडतोय. मग मला वाटलं, हे शेवटचं सांगायला नको होतं. पण मेस्त्रींनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, ‘हां. ह्या दिसात ओरडता तो.’ आणि मग, ‘वायच हळू घेवा. आणखी काय?’

मी सांगत राहिलो. परतीच्या वाटेवर ते टायरचं काही विचारत नव्हते.

दुकानाशी आलो तेव्हा सून पायरीवर उभी होती. हातात फडका होता आणि तो ती पिळत होती, कोरडाच. टेम्पोवाला आणि रिक्षावाला बाकावर तसेच होते. रिवाजाप्रमाणे दोघांनी चहा खाली ठेवला. मी वाटेत मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: मेस्त्रींनी खडा बरोबर ओळखला. खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं, तर मेस्त्रींनी माझ्या दंडावर हात ठेवला.

‘टायर बरो बसलो,’ ते म्हणाले. मग बाकाकडे वळले. ‘आणि आणखी एक सांगूचा आसा. माका दोन वर्सा झाली, आयकूक येणा नाय. ह्या दोन वर्सात तुमी हयसून जे टायर घेतलास, ते हिच्या कानान घेतलास. माझ्या नाय. ती सांगायची, मी निसतो बोलायचंय. आता सांगा, कोणाचो टायर वायट गेलो?’

सुनेच्या हातातला फडका थांबला. रिक्षावाल्याने टेम्पोवाल्याकडे बघितलं.

टेम्पोवाला जरा ओशाळला होता. तो वाकून आपल्या चपलेचा पट्टा सारखा करू लागला आणि खाली मान घालूनच पुटपुटला, ‘ता काय आमका म्हायत नाय? गेल्या पावसातच कळलेला. आमी तेंका तोंड दाखवून बोलतंव तां उगाच?’

म्हणजे सगळ्या कट्ट्याला माहीत होतं. सगळे त्यांच्याकडे तोंड करून, जरा सावकाश बोलत होते. ज्याला माहीत नव्हतं असा एकच शहाणा होता, आणि तो विज्ञान शिकवत होता.

मेस्त्रींना टेम्पोवाल्याचं तोंड दिसलं नव्हतं. ‘काय म्हणता तो?’ त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. तिने सासऱ्यांच्या समोर येऊन, त्यांना दिसेल असं, शब्द सुटे करत सांगितलं, ‘ते म्हणतत, बरा झाला सांगितलात. नायतर कळलाच नसता.’

‘हां,’ मेस्त्री म्हणाले. छातीतून एक मोठा श्वास सुटला. ‘माका वाटला हसतले.’

टेम्पोवाला उठला. त्याने हात पँटीला पुसले आणि मेस्त्रींना ओलांडून सुनेसमोर जाऊन उभा राहिला.

‘बाय,’ तो म्हणाला, ‘माझ्या पाठच्या चाकांक खयचे घालू? तू सांग.’

तिने सवयीने सासऱ्यांकडे बघायला मान वळवली, आणि अर्ध्यातच थांबली. मग टेम्पोवाल्याकडे बघून विचारू लागली. वाळू भरतो की चिरे, चढ किती, टेम्पो पूर्ण भरलेला असताना आवाज कसा येतो. मेस्त्री पडवीच्या खांबाला टेकून, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखेच, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ती काय म्हणते ते त्यांनाही ऐकायचं होतं.